‘सगळं कळतं गं आई’, तरी 25 पैकी 6

‘मॅडम, आम्ही भांडुपला राहतो. मी दादरला साड्यांच्या दुकानात काम करते, घरी यायला रात्रीचे साडेनऊ होतात. मिस्टर ड्रायव्हर आहेत, त्यांची ड्युटी 12 तासांची. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, 88 टक्के मिळाले. आता अकरावी सायन्सला आहे, इंजिनिअर व्हायचं म्हणते. क्लासची फी झेपेना म्हणून सीईटीचा ऑनलाइन कोर्स हप्त्यावर घेतला. रोज पाच-सहा तास मोबाइलवर लेक्चर बघते, कधी कधी रात्रीचा एक वाजतो. विचारलं की म्हणते, सगळं कळतं गं आई. आणि पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये 25 पैकी 6. खूप रडली. पेपर हातात आल्यावर काहीच सुचलं नाही म्हणाली. आता कोर्सवाल्यांचे फोन येतात, मोठं पॅकेज घ्या, टॅब मिळेल, पर्सनल मेंटॉर मिळेल, 60 हजार. मिस्टर म्हणतात मोबाइलच काढून घे, त्यानेच वाटोळं केलं. माझ्या मनात वेगळंच येतं. मराठी शाळेत घातलं, तिथेच चुकलं का? – एक आई, भांडुप’

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पत्र वाचताना तोच तुम्हाला आतून पोखरतोय असं जाणवलं. नाही, तुमचं चुकलेलं नाही. मी मुंबईतल्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षं काढली. मराठी माध्यमातून आलेली मुलं अकरावीच्या पहिल्या काही महिन्यांत कशी गप्प होऊन जातात, ते दर वर्षी पाहिलं. आणि त्यातलीच बरीचशी बारावीच्या वर्गात फळ्यापाशी येऊन गणित सोडवतानाही पाहिली. त्या गप्प महिन्यांत डोकं कमी पडत नसतं. सरांनी ‘अॅक्सिलरेशन’ म्हटलं की मुलीच्या मनात क्षणभर शोध सुरू होतो, हे म्हणजे आपलं त्वरण का? तो शोध संपेपर्यंत सर दोन वाक्यं पुढे गेलेले असतात. तासाभरात असं वीस-पंचवीस वेळा झालं की तिला वाटू लागतं, मला सायन्स जमत नाही. तिला त्वरण नववीपासून ठाऊक आहे. फक्त नव्या नावाने ते तिच्यासमोर आलंय.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. तिची नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं रद्दीत गेली नसतील तर ती बाहेर काढा. बालभारतीच्या त्या पुस्तकांत पारिभाषिक शब्दांपुढे कंसात इंग्रजी शब्द छापलेले असतात. पुस्तकं गेली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात, मराठी माध्यमाची आणि इंग्रजी माध्यमाचीही. नववीचा पहिलाच धडा गतीच्या नियमांचा आहे. तोच धडा दोन्ही माध्यमांच्या पुस्तकांतून शेजारी शेजारी ठेवून तिने वाचावा. आशय पाठ असल्यामुळे इंग्रजी वाक्यं आपोआप उलगडत जातात. दिवाळीपर्यंत ती शब्दांशी अडखळणं थांबवेल. भाषेचा हा अडथळा काही तुमच्या घरचा एकट्याचा नाही. आपल्या मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, 1974 मध्ये सुरू झालेलं. तिथल्या अभ्यासकांनी अगदी सुरुवातीच्या वर्षांतच विज्ञान शिकताना भाषा कुठे आडवी येते याचा अभ्यास केला होता.

आणि इथे मी मोबाइलच्या बाजूने बोलणार आहे. शंभरेक मुलांच्या वर्गात ‘सर, परत सांगा’ म्हणायला मराठी शाळेतून आलेली मुलगी धजावत नाही. इंग्रजीत विचारायचं, चुकलं तर मागचे हसतील, ही धास्ती मोठी असते. रेकॉर्ड केलेलं लेक्चर ती दहा वेळा मागे नेऊ शकते. थांबवून शब्द शोधू शकते. तोच विषय मराठीत सांगणारा व्हिडिओ आधी पाहून मग इंग्रजीतल्या लेक्चरकडे येऊ शकते. आधीच्या पिढीतल्या कामगारवस्तीतल्या मुलांना हे मिळालं नव्हतं. तेव्हा मिस्टरांना माझ्यातर्फे सांगा, मोबाइल काढून घेऊ नका. तो काढून घेतला तर तिच्या हातातली ही एक सोय जाईल आणि 6 चे 16 मात्र होणार नाहीत.

कारण दुखणं दुसरीकडे आहे.

‘सगळं कळतं गं आई’ हे ती खोटं बोलत नाही, यावर विश्वास ठेवा. लेक्चर बघताना तिला खरंच सगळं कळत असतं. तुमच्या दुकानात नऊवारी घ्यायला आलेल्या बाईला तुम्ही नेसवून दाखवत असाल. ती बघते, मान डोलावते, निऱ्या कशा घालायच्या, काष्टा कसा खोचायचा, सगळं तिला कळतं. घरी जाऊन एकटी नेसायला उभी राहिली की पहिल्या निरीलाच अडते. चांगला शिक्षक गणित सोडवतो तेव्हा कुठे वळायचं, कोणतं सूत्र घ्यायचं, कुठे चिन्ह बदलायचं, हे सगळे निर्णय तोच घेत असतो. बघणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही, म्हणून सोपं वाटतं. परीक्षेत नेमके तेच निर्णय घ्यावे लागतात.

2019 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात फिजिक्सच्याच विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना उत्तम वक्त्याकडून ओघवतं व्याख्यान दिलं. काहींना तोच भाग आधी स्वतः धडपडून सोडवायला लावला आणि मग समजावला. व्याख्यान ऐकलेल्यांना वाटलं आपण जास्त शिकलो. चाचणीत मात्र धडपडलेल्यांना जास्त गुण पडले, आणि त्यांनाच वाटत होतं की आपण कमी शिकलो. हे वर्गातल्या व्याख्यानाबद्दल होतं, मोबाइलबद्दल नव्हे. म्हणजे हा दोष स्क्रीनने जन्माला घातलेला नाही. पण वर्गातलं व्याख्यान तासाभरात संपतं, घंटा होते. मोबाइलवर एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं. पाच-सहा तास बघितल्यावर खूप अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं, शरीर थकतं, आणि स्वतः पेन धरायला ना वेळ उरतो ना जीव. त्यात ही मुलं लेक्चर दुप्पट वेगाने लावतात. जुनं उजळणीसाठी तसं लावलं तर ठीक. नवा धडा, तोही नव्या भाषेतून शिकताना दुप्पट वेग म्हणजे विचार करायची जागाच पुसून टाकणं.

म्हणून पहिला बदल हा करा. लेक्चर दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नाही. तेवढाच वेळ कोऱ्या कागदावर, मोबाइल दुसऱ्या टोकाला ठेवून. सरांनी सोडवलेलं गणितच आधी घ्यायचं, उत्तर झाकायचं आणि स्वतः सोडवायचं. पहिले काही दिवस तिला फार वाईट वाटेल. दोन तासांत तीनच गणितं झाली, तीही अडखळत, असं म्हणेल. त्या तीन गणितांवर तुम्ही खूश व्हा आणि तिला तसं सांगा, कारण पाच तास लेक्चर बघितल्यावर मिळणारी शाबासकी तिला आता मिळणार नाही आणि ती कुठून तरी मिळायला हवी.

आता एक गोष्ट जी तुमच्या पत्रात नाही, पण मला तिची दाट शंका आहे. हिशेब करून बघा. 2025-26 मध्ये अकरावीत असलेली मुलगी लॉकडाऊन लागला तेव्हा पाचवी संपवत होती. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. सहावीचं अख्खं वर्ष घरात गेलं, सातवीचाही मोठा भाग. मुंबईत आठवीपासून पुढचे वर्ग ऑक्टोबर 2021 मध्ये उघडले, तिचा सातवीचा वर्ग तर डिसेंबरात, आणि जानेवारीत पुन्हा कुलूप लागलं. त्या काळात पहिली ते आठवीची मुलं परीक्षेशिवाय वरच्या वर्गात घातली गेली. दुसरा इलाज नव्हता, मी कुणाला बोल लावत नाही. पण सहावी-सातवीत काय असतं? अपूर्णांक, पूर्णांक, गुणोत्तर-प्रमाण, एकचल समीकरणं. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हे तिथे हाताला वळण लागतं. तुमच्या घरी तेव्हा एकच मोबाइल असेल, तोही मिस्टरांबरोबर ड्युटीवर जात असेल, असा माझा अंदाज आहे.

‘असर’ नावाची देशभरातल्या ग्रामीण मुलांची पाहणी होते. तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो त्यांचं प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के होतं, 2022 मध्ये ते 20.5 वर आलं. ही आकडेवारी खेड्यांतली आणि लहान मुलांची आहे, मुंबईची नाही. पण ती वर्षं मुलांच्या हातून काय घेऊन गेली, याचा अंदाज त्यावरून येतो. दहावीत 88 टक्के मिळवताना ते भगदाड झाकलं जातं, कारण बोर्डाच्या पेपरात ठरावीक साच्याची गणितं असतात आणि कष्टाळू मुलगी ती घोटून घेते. अकरावीच्या फिजिक्समध्ये दुसराच धडा गणिती पद्धतींचा येतो, व्हेक्टर आणि डेरिव्हेटिव्हचा. तिथे झाकलेलं उघडं पडतं.

तेव्हा एका रविवारी तिला सातवी आणि आठवीच्या गणिताच्या पुस्तकांतले अपूर्णांकांचे आणि समीकरणांचे सरावसंच सोडवायला बसवा. तिला लाज वाटेल, तर धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या लहान मुलाला शिकवण्याच्या निमित्ताने बसवा. ती भराभर सोडवत गेली तर माझी शंका खोटी, फार आनंद होईल मला. पण अडली, तर फिजिक्सचे 6 गुण फिजिक्सचे नाहीतच. मग महिनाभर रोज अर्धा तास त्यावर घालवा. अकरावी मागे पडेल ही भीती बाळगू नका. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाचा भार साधारण 20 टक्के असतो, बारावीचा 80 टक्के. मागे जाऊन पाया भरायला तुमच्याकडे वेळ आहे. बारावीच्या डिसेंबरात तो नसेल.

आणखी एक विचारा तिला, रागावून नव्हे. गणित अडलं की ती काय करते? हल्ली मुलं प्रश्नाचा फोटो काढतात आणि चॅटबॉट पायरीपायरीने उत्तर लिहून देतो. तुर्कस्तानात हायस्कूलच्या जवळजवळ हजार मुलांवर याचा प्रयोग झाला, 2024 मध्ये त्याचे निष्कर्ष बाहेर आले. थेट उत्तरं देणारा चॅटबॉट हाताशी असताना सरावातले गुण 48 टक्क्यांनी वाढले. तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा त्याच मुलांना चॅटबॉट कधीच न वापरलेल्या मुलांपेक्षा 17 टक्के कमी गुण पडले. त्याच प्रयोगात दुसऱ्या एका गटाला उत्तर न देता फक्त पुढची दिशा सुचवणारा चॅटबॉट दिला होता, त्या गटाचं हे नुकसान जवळजवळ झालं नाही. तेव्हा बंदी नको, नियम हवा. दहा मिनिटं स्वतः झटल्याशिवाय फोटो नाही. आणि विचारायचं ते ‘उत्तर दे’ असं नाही, ‘माझी चूक कुठल्या ओळीत आहे ते सांग’ असं.

आता 60 हजारांचं पॅकेज. घेऊ नका.

तिच्याकडे लेक्चरं कमी नाहीत, गरजेपेक्षा जास्तच आहेत. तिची वही उघडून ‘अगं, इथे चुकलीस’ म्हणणारं माणूस नाही. ऑनलाइन शिक्षणाची दुखरी नस हीच आहे आणि ती जगभर आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसचा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा पाहा. 2017-18 या वर्षात नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम 3 टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला. शिकवणारे जगातले नामांकित होते, साहित्य उत्तम होतं. पण आज तू आली नाहीस, काय झालं, असं विचारणारं कुणी नव्हतं. शाळेत बाई हजेरी घेतात, वही मागतात, चेहरा उतरलेला दिसला तर थांबवतात. हे सगळं शिकवण्यात मोडतं, असं मी नोकरीभर मानलं आणि लॉकडाऊननंतर तर माझी त्याबद्दल खात्रीच पटली.

‘पर्सनल मेंटॉर’ हे तसंच माणूस असेल असं वाटून तुमचं मन वळत असेल, तर फोन करणाऱ्याला एवढंच विचारा की तो मेंटॉर फिजिक्स शिकलेला आहे का, आठवड्याला किती वेळ देणार, आणि माझ्या मुलीच्या हस्ताक्षरातली गणितं तपासणार का. उत्तर ईमेलवर लेखी मागा.

आधीच्या कोर्सचे कागदही बघून घ्या. हप्ता म्हटलं तरी बहुतेक वेळा ते एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज असतं, तुमच्या किंवा मिस्टरांच्या नावावर. कोर्स बंद केला तरी ते कर्ज आपोआप बंद होत नाही. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये पालकांना सावध केलं होतं की अशा कोर्ससाठी खात्यातून आपोआप पैसे कापून घेण्याची परवानगी देऊ नका आणि अटी वाचल्याशिवाय सही करू नका. दिली असेल तर बँकेत जाऊन ती कशी थांबवता येते ते विचारा, मात्र कर्ज चालू असेल तर हप्ता चुकू देऊ नका. नव्याने असं डिजिटल कर्ज घ्यायची वेळ आलीच, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सुरुवातीला किमान एक दिवसाची मुदत असते, ज्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे.

साठ हजार वाचवून मग वही बघणारं माणूस कुठून आणायचं? पहिलं माणूस तुम्ही स्वतः. ‘मला काय कळतंय त्यातलं’ असं म्हणू नका. रात्री जेवणं झाली की दहा मिनिटं तिच्याजवळ बसा. पुस्तक आणि मोबाइल बंद, आणि ‘आज काय शिकलीस ते मला मराठीत सांग’ म्हणा. ती सांगताना अडखळेल, ‘ते असं असतं ना… थांब’ म्हणेल. ते ‘थांब’ जिथे येतं तिथे काय कच्चं आहे, हे तिला स्वतःलाच दिसतं. तुम्हाला फिजिक्स येत नाही हा इथे फायदा आहे, कारण तुम्हाला सांगायचं तर तिला खरोखर सोपं करून सांगावं लागेल. दिवसभर उभं राहून, गाडीच्या गर्दीतून आल्यावर अंगात त्राण नसतं याची मला कल्पना आहे. रोज नाही जमलं तर आठवड्यातून चार दिवस.

दुसरं माणूस वस्तीतच शोधा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली एखादी मुलगी, शक्यतो मराठी माध्यमातूनच गेलेली. तिला शिकवायला नका सांगू, लेक्चरं आहेतच. आठवड्यातून दोनदा तासभर बसून तुमच्या मुलीची वही तपासायची आणि चुकलेली गणितं पुन्हा करून घ्यायची, एवढंच. त्याचे पैसे ठरवून द्या, फुकट काम टिकत नाही. कोर्सच्या हप्त्यापेक्षा ते नक्कीच कमी असतील. बसायला घरात जागा नसेल तर जवळपास एखाद्या मंडळाची किंवा वाचनालयाची अभ्यासिका आहे का ते विचारा. मुंबईत अशा अभ्यासिकांमधून अभ्यास करून कितीतरी मुलं पुढे गेली आहेत. तिथे जाताना मोबाइल घरी राहिला तर रात्री एकपर्यंतचं जागरणही सुटेल. सोळा वर्षांच्या मुलीला झोप हवी, त्यात तडजोड नको.

आणि तिसरं माणूस कॉलेजातले फिजिक्सचे सर किंवा मॅडम. क्लास आणि कोर्सच्या नादात कॉलेज नुसतं नावापुरतं उरलंय, हजेरीसुद्धा कुणी धड बघत नाही. मुलीला कॉलेजात नियमित जाऊ द्या, निदान प्रॅक्टिकल तरी एकही चुकवू नये. व्हर्नियर कॅलिपर हातात धरून स्वतः मोजमाप घेतलं की मोजणीतली चूक म्हणजे काय ते डोक्यात बसतं, व्हिडिओत ते नुसतं दिसतं. येत्या सुट्टीच्या दिवशी, तुमची साप्ताहिक सुट्टी कॉलेजच्या दिवशी येत असेल तर फारच चांगलं, नाहीतर अर्धा दिवस मागून घ्या, तिला घेऊन सरांना भेटा. तपासलेला पेपर बरोबर न्या. ‘नापास का झाली’ असं विचारू नका. ‘या पेपरात नेमकं कुठे अडलं, सूत्र आठवलं नाही, प्रश्नाचं इंग्रजी कळलं नाही की आकडेमोड चुकली, ते एकदा तिला दाखवाल का’ असं विचारा. सगळ्या शिक्षकांना वेळ असतोच असं नाही. पण आई पेपर घेऊन समोर उभी राहिली, तर पाच मिनिटं न देणारे मी तरी फार थोडे पाहिले. त्यांनी जे सांगितलं ते मला कळवा, पेपराची झेरॉक्सही पाठवा. मुलीचं नाव झाकून पाठवा. मी स्वतः बघेन.